तबकडी संपते, हेच बरं

कामाचा दिवस आटोपल्यावर संध्याकाळी जुनी तबकडी लावायची, व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या नळ्यांचा, रेडिओ तापेपर्यंत थांबायचं किंवा सोळा मिलिमीटरच्या प्रोजेक्टरवर रीळ चढवून भिंतीवर चित्रपट बघायचा, या हौसेवरून जो वाद चालतो तो दोन्हीकडून भलत्याच ठिकाणी लढला जातो. एक पक्ष म्हणतो, जुन्या आवाजात जी ऊब आहे ती डिजिटलमध्ये नाही. दुसरा म्हणतो, हे निव्वळ स्मरणरंजन आहे, वर पैशाचा चुराडा. अमेरिकेत २०२२ साली व्हिनाइलच्या तबकड्या सीडींपेक्षा जास्त नग विकल्या गेल्या, १९८७ नंतर पहिल्यांदाच. तेव्हापासून या भांडणाला आणखी धार चढली आहे. माझं म्हणणं दोघांनाही आवडणार नाही. जुनी करमणूक तांत्रिकदृष्ट्या निकृष्टच होती. पण ती संपायची. आणि दिवसभर न संपणारं काम केलेल्या माणसाला संध्याकाळी संपणाऱ्या गोष्टीची गरज असते. करमणूक कुठे थांबावी हे कोण ठरवतं, हा खरा प्रश्न आहे, आणि तो एकेकट्या माणसाच्या आवडीनिवडीपुरता राहिलेला नाही.

आवाजाचा मुद्दा आधी निकालात काढू, कारण तिथे जुन्याच्या भक्तांची बाजू सपशेल लंगडी आहे. १६ बिटच्या सीडीत सर्वात हळू आणि सर्वात मोठ्या आवाजातलं अंतर सुमारे ९६ डेसिबल मिळतं. उत्तम स्थितीतली एलपी, म्हणजे व्हिनाइलची लांब वाजणारी तबकडी, साठ-सत्तरच्या घरात अडकते. शिवाय एलपी सगळीकडे सारखी वाजतही नाही. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या वेगाने बाहेरच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला जवळजवळ ५१ सेंटिमीटर सरकते, आणि आतल्या टोकाशी, केंद्रापासून सहा सेंटिमीटरवर, जेमतेम २१. तेवढंच संगीत निम्म्याहून कमी लांबीत कोंबावं लागतं, म्हणून बाजूच्या शेवटच्या गाण्यात 'स' आणि 'श' फरफरतात. एखादी एलपी त्याच संगीताच्या सीडीपेक्षा खरोखर चांगली वाजते तेव्हाही श्रेय बहुतेक वेळा व्हिनाइलचं नसतं. सीडीसाठी आवाज दाबून सरसकट मोठा केलेला असतो आणि तबकडीसाठी तसं केलेलं नसतं, एवढंच. तेव्हा 'ऊब' हा शब्द या वादातून हद्दपार केला तर दोन्ही पक्षांचा बराच वेळ वाचेल.

तबकडी थांबते, हाही मुळात दोषच. लाखेची दहा इंची तबकडी मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या वेगाने साधारण तीन मिनिटं वाजायची, बारा इंची चार-साडेचार. १९४८ साली कोलंबियाने एलपी आणली तेव्हा एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मिळू लागली. पस्तीस मिलिमीटर चित्रपटाचं हजार फुटी रीळ सेकंदाला २४ चौकटींच्या वेगाने अकरा मिनिटांत संपतं. सुपर-८ चं पन्नास फुटी रीळ १८ चौकटींच्या वेगाने तीन मिनिटं वीस सेकंदांत. या मर्यादांचं त्या काळी कुणाला कौतुक नव्हतं. एकापाठोपाठ एक तबकडी आपोआप टाकणारी यंत्रं १९२० च्या दशकाच्या अखेरीसच बाजारात आली होती. त्यांच्यासाठी लांब संगीताचे संच खास क्रमाने छापले जायचे: चार तबकड्यांच्या संचात पहिल्या तबकडीवर बाजू १ आणि ८, दुसरीवर २ आणि ७, मग ३ आणि ६, ४ आणि ५. पहिल्या चार बाजू ओळीने वाजल्या की सगळी चवड एकदाच उलटी करायची. उठावं लागू नये ही इच्छा इंटरनेटने निर्माण केली नाही, हे मान्य करायलाच हवं. पण त्या यंत्राचीही हद्द होती. चवड आठ-दहा तबकड्यांची, ती संपली की सुईचा हात उचलून बाजूला जायचा आणि यंत्र गप्प व्हायचं. आज चवडीला तळच नाही, आणि या फरकाचे परिणाम मोठे आहेत.

मर्यादेने कलेचं काय केलं, हेही पाहायला हवं. १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्यात गायिका गौहर जान यांनी ध्वनिमुद्रण केलं तेव्हा तासभर रंगणारी गायकी तीन मिनिटांत बसवावी लागली. शेवटी त्या इंग्रजीत स्वतःचं नाव घेतात. त्याचं कारण असं सांगितलं जातं की मूळ मेणाच्या तबकड्या छपाईसाठी जर्मनीत हॅनोव्हरला जायच्या आणि तिथल्या तंत्रज्ञांना गाणारं कोण हे कळायला हवं होतं. ख्यालगायकीवर तो अन्यायच होता, यात वाद नाही. पण त्या सक्तीतूनच एका नव्या प्रकारची नेमकी, गाळीव मांडणी जन्माला आली, आणि तीन-साडेतीन मिनिटांचं गाणं हा घाट तबकडी गेल्यावरही टिकला. आजच्या घाटावर कसली सक्ती आहे? स्पॉटिफायवर गाणं ३० सेकंद वाजलं की एक श्रवण मोजलं जातं. मग मुखडा त्याआधी यायलाच हवा. सक्ती तेव्हाही होती आणि आजही आहे. तेव्हाची सक्ती गाण्याच्या शेवटाशी उभी होती, आजची सुरुवातीलाच दबा धरून बसते.

'प्रत्येक नव्या यंत्राला अशीच नावं ठेवली गेली' हा विरोधकांचा सर्वात वजनदार आक्षेप. खरं आहे. १९०६ साली अमेरिकन बँडप्रमुख जॉन फिलिप सूझा यांनी यांत्रिक संगीताविरुद्ध जळजळीत लेख लिहिला: लोक गाणं-वाजवणं सोडतील, हौशी वादक नाहीसे होतील, यंत्रच सगळ्यांच्या वतीने गाईल. आज आपण ज्या ग्रामोफोनला प्रेमाने कुरवाळतो तोच तेव्हाचा खलनायक होता. हे उदाहरण देऊन लोक वाद मिटल्याचं जाहीर करतात. पण सूझांचं निम्मं म्हणणं ते सोडून देतात. तक्रार पैशाचीही होती: पियानोच्या छिद्रांच्या गुंडाळ्या आणि तबकड्या विकून कंपन्या कमावत होत्या आणि मूळ रचनाकाराला छदाम मिळत नव्हता. ती तक्रार खरी निघाली. १९०९ च्या अमेरिकन कायद्याने यांत्रिक पुनरुत्पादनावर रचनाकाराला मानधन द्यायला लावलं. म्हणजे नव्या यंत्राविषयीची कुरकुर सगळी खुळचट नसते. तिच्यातला सुस्कारा वेगळा काढावा, व्यवस्थेबद्दलची तक्रार ऐकून घ्यावी. इथेही तेच करायचं आहे.

दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो. निवांत संध्याकाळीचं हे सगळं कौतुक कोणाच्या संध्याकाळीचं? तबकडी ऐकत खुर्चीत बसणाऱ्याच्या पलीकडच्या खोलीत कुणीतरी दुसरी पाळी करत असायचंच, आणि ते कुणीतरी बहुतेक वेळा बाईच असायची. आठ तास काम, आठ तास विश्रांती आणि आठ तास आपले, कामगार चळवळीच्या या सुंदर हिशेबात घरकामाचा तास कुठेच धरलेला नव्हता. हे नाकारण्यात अर्थ नाही. पण यातून जुनी करमणूक टाकाऊ ठरते का? उलट, ज्याच्या हाताशी फुरसतीची वीसच मिनिटं आहेत त्याला वीस मिनिटांत पूर्ण होणारी गोष्टच उपयोगी. इंटरनेटवरचा न संपणारा प्रवाह गृहीत धरतो की प्रेक्षकाकडे वेळ अमाप आहे. ज्याच्याकडे तो नाही त्याला प्रवाह अर्ध्यावर तोडून उठावं लागतं, रोज, आणि काही पुरतं झालं असं कधी वाटतच नाही. एलपीची एक बाजू संपल्यावर उठण्यात अपुरेपण नसतं.

तिसरा आक्षेप सगळ्यात चलाख. 'शेवट हवा तर स्वतः करा की, बंद करायचं बटण आहेच.' हे ऐकायला इतकं वाजवी वाटतं की बहुतेक लोक इथेच हत्यार टाकतात. पण हा युक्तिवाद आपण आधी कुठे ऐकला आहे? न्यूयॉर्क राज्याने बेकरी कामगारांचे तास दिवसाला १० आणि आठवड्याला ६० वर आणले, तेव्हा १९०५ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने लॉक्नर खटल्यात तो कायदा रद्द केला. कारण काय, तर मालक आणि कामगार यांना हवा तसा करार करण्याचं स्वातंत्र्य आहे. कामगाराला जास्त तास नको असतील तर त्याने नाही म्हणावं! दमलेला, बदली माणूस दाराशी उभा असलेला कामगार नाही म्हणू शकतो का, हा प्रश्न त्या निकालाने बाजूला ठेवला. आठ तासांची चळवळ नेमकी याच्याविरुद्ध होती. मेलबर्नच्या पाथरवटांनी १८५६ साली हत्यारं खाली ठेवून मोर्चा काढला; नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी मुंबईच्या गिरण्यांना १८९० साली रविवारची सुट्टी द्यावी लागली; १९१९ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या पहिल्याच कराराने दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. या सगळ्यांमागे एकच समज होती: थांबणं दमलेल्या माणसाच्या मनोनिग्रहावर सोपवलं की तो थांबू शकत नाही, म्हणून थांबा नियमात असावा लागतो.

करमणुकीचा आणि कामाचा हिशेब एकत्र का करायचा, असं कुणी विचारेल. कारण तो कंपन्यांनी आधीच एकत्र केला आहे. १९४० च्या जूनमध्ये बीबीसीने कारखान्यांसाठी कामाच्या वेळी वाजवायचा संगीताचा कार्यक्रम सुरू केला, रोज दोनदा, अर्धा-अर्धा तास. उत्पादन वाढावं हा उघड हेतू. ताल स्थिर हवा, फार हळुवार गाणी नकोत, आणि ज्यावर कामगार हत्यारं आपटून साथ देतील अशी टाळ्यांची गाणीही नकोत. ऐकलं जाऊ नये पण काम मात्र चालावं, असं संगीत निवडण्याची ती पद्धतशीर सुरुवात होती. तरी तो कार्यक्रम निदान अर्ध्या तासाने संपायचा, आणि संध्याकाळ कामगाराची राहायची. आज 'एकाग्रतेसाठी', 'झोपेसाठी' अशा नावांच्या अखंड याद्या चोवीस तास तेच करतात. फरक एवढाच की संध्याकाळही आता त्यांच्यात आली आहे.

जुन्या यंत्रांकडे वळायचं तर या अंगाने वळावं. त्यांच्यात शेवट सक्तीचा आहे, आणि शेवटाबरोबर हाताला काम येतं. चावीच्या ग्रामोफोनवर एका चावीत एक बाजू, फार तर दोन. पोलादी सुई प्रत्येक बाजूला नवी. यात कंजूषपणा केला की तबकडी गेलीच, आणि कारण साधं आहे: लाखेच्या तबकडीत लाख साधारण तिसरा हिस्सा, बाकी दगडाची पूड आणि काजळी. ती पूड मुद्दाम घातलेली असते, पहिल्या काही फेऱ्यांत सुईचं टोक घासून खाचेच्या मापाचं व्हावं म्हणून. बाजू संपेपर्यंत त्या टोकाला पटाशीसारखी धार येते. तीच सुई दुसऱ्या तबकडीवर ठेवली की ती संगीत वाचत नाही, तासते. चावी फिरवताना धप्प असा धक्का बसला तर स्प्रिंगच्या डब्यातलं ग्रीस घट्ट झालं आहे असं समजावं. डबा उघडून जुनं ग्रीस काढून ग्रॅफाइटचं भरावं लागतं. ते काम अनुभवी माणसाकडूनच, कारण गुंडाळलेली स्प्रिंग सुटली तर बोटं फाडते. ऐकून झालं की यंत्र पूर्ण उतरू द्यावं, स्प्रिंग ताणलेली ठेवू नये.

इथे हौशी लोक सर्वात जास्त नुकसान करतात, म्हणून थोडं आणखी. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. एलपीसाठी चालणारं अल्कोहोलयुक्त द्रावण ७८ च्या तबकडीवर लावलं की चकाकी जाते आणि खाच बुजते. थोडं सौम्य साबणाचं पाणी, मऊ ब्रश, लेबल कोरडं ठेवून, आणि लगेच पुसून घेणं, एवढंच करावं. एलपीची सुई ७८ च्या तबकडीवर चालत नाही. ७८ च्या खाचेला साधारण तीन मिलचं टोक लागतं, म्हणजे इंचाचे हजार भाग केले तर त्यातले तीन. एलपीचं टोक एक मिल किंवा त्याहून बारीक, ते खाचेच्या तळाशी कचऱ्यात लोळतं आणि खरखर तेवढी वाजवतं. उलटं केलं तर त्याहून वाईट: चावीच्या ग्रामोफोनचा साउंडबॉक्स, म्हणजे सुई धरणारा डबा, शंभर ग्रॅमहून जास्त भाराने दाबतो, आणि एलपीच्या चांगल्या पिकअपला दीड-दोन ग्रॅम पुरतात. ग्रामोफोनवर एलपी एकदाच वाजते. वेग तपासायला पट्ट्यांची चकती मिळते, ५० हर्ट्झच्या विजेवर ७७ पट्ट्यांची. विजेच्या दिव्याखाली पट्ट्या स्थिर दिसल्या की वेग ७७.९२ आहे, म्हणजे बरोबर. एलईडीखाली बहुधा हे जमत नाही, जुना निऑन दिवा बरा.

रेडिओच्या बाबतीत तर गाठ जिवाशी आहे. वीस वर्षं बंद पडलेला व्हॉल्व्ह रेडिओ थेट भिंतीतल्या प्लगला लावू नये. कागदी कपॅसिटर गळका झालेला असतो, त्यामुळे शेवटच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडवर, म्हणजे प्रवाह आवरणाऱ्या जाळीवर, धन दाब चढतो, प्रवाह वाढतो आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. आधी कपॅसिटर बदलून घ्यावेत आणि पहिली चाचणी ४०-६० वॉटचा साधा बल्ब मालिकेत जोडून करावी. बल्ब लख्ख पेटून तसाच राहिला तर आत काहीतरी शॉर्ट आहे. काही स्वस्त संचांमध्ये ट्रान्सफॉर्मरच नसतो आणि चासी, म्हणजे आतला धातूचा सांगाडा, थेट विजेच्या एका तारेला जोडलेली असते. अशा संचाची गोल घुंडी निसटली आणि उघड्या दांड्याला हात लागला तर स्मरणरंजन तिथेच संपेल.

चित्रपटाच्या रिळाला व्हिनेगरसारखा वास येत असेल तर ॲसिटेटचा पाया कुजू लागला आहे; ते बाकीच्या रिळांपासून वेगळं ठेवावं, कारण ती आम्लाची वाफ शेजारच्यांनाही बिघडवते. आखडलेली फिल्म प्रोजेक्टरच्या दात्यांवर फाटते. पडद्यावर चित्र उड्या मारू लागलं तर बहुतेकदा खिडकीच्या वरचा किंवा खालचा लूप, म्हणजे फिल्मचं मुद्दाम ठेवलेलं सैल वळण, सुटलेला असतो. तेव्हा यंत्र थांबवायचं, दिवा विझवायचा, मग लूप नीट करायचा. दिवा चालू ठेवून फिल्म थांबवली की चौकट पेटते किंवा वितळते. आणि पस्तीस मिलिमीटरची १९५१ पूर्वीची फिल्म नायट्रेटची, म्हणजे झटकन पेट घेणारी, असू शकते. ती घरी लावायची गोष्टच नाही.

एवढ्या खटपटीला आळशी माणूस हसेल, आणि त्याचं हसू समजण्यासारखं आहे. मीही कुणाला यंत्र विकत घ्या म्हणणार नाही. ब्लूटूथ घातलेला, पाच-सहा ग्रॅम भाराने तबकडी रगडणारा सुटकेसमधला खेळण्यातला प्लेअर घेऊन कुणाची संध्याकाळ सुधारत नाही, तबकड्या तेवढ्या झिजतात. जुना चित्रपट प्रवाहावर बघितला आणि तो संपताच दहा सेकंदांत दुसरा सुरू झाला, तर त्या चित्रपटाचं वय काही कामाला आलं नाही. उलट फाइलवरून दोनच बाजू वाजवल्या, यादी तिथे संपते अशी लावली आणि यंत्र गप्प झालं, तर कर्णा आणि चावी नसूनही काम झालं. जुनेपणाचा मक्ता कुठल्याच यंत्राकडे नाही.

मग मागणी काय करायची? पुढचा भाग आपोआप सुरू होणं आज बहुतेक ठिकाणी सेटिंगमध्ये बंद करता येतं, पण सुरुवातीची स्थिती 'चालू' अशी असते. ती 'बंद' असावी, आणि ज्याला अखंड प्रवाह हवा त्याने तो मुद्दाम चालू करावा, एवढा नियम पुरेसा आहे. यात कुणाच्या स्वातंत्र्यावर घाला येत नाही. बटण तेच, फक्त ते दाबण्याचा त्रास आता थांबू पाहणाऱ्याऐवजी चालू ठेवू पाहणाऱ्याने घ्यायचा. कंपन्या म्हणतील, प्रेक्षकांनाच हे आवडतं. आवडत असेल तर ते एक बटण दाबतीलच. जुन्या यंत्रावर बाजू उलटायला उठणारे लोकही तेच करत होते, आणि तबकड्यांचा धंदा त्यामुळे बुडाला नव्हता.